नकाशावरच्या पायवाटा जमिनीवरही राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरकडे निघालेल्या गाड्या सुरूर फाट्यावर वळतात, वाईत ढोल्या गणपतीला हात जोडतात, जमले तर मेणवलीच्या घाटावर अर्धा तास घालवतात आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठतात. तिथे सिडने पॉइंटवर उभे राहून माणसे खालच्या खोऱ्याचे फोटो काढतात. धोम धरणाचे पसरलेले पाणी, त्यामागे कमळगडाचा सुळका, काठाकाठाने विखुरलेल्या वाड्या, असे सगळे वरून दिसते. पण ज्या खोऱ्याचा फोटो काढला, त्यात उतरून चालणारे फार थोडे. आणि आता ज्यावरून चालायचे त्या वाटाच एकेक करून बंद होत आहेत. या पत्राचे कारण तेच आहे.

वाट बंद होते म्हणजे कोणी मोठी भिंत घालतो असे नाही. पाणंदीच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटेच्या, तोंडाशी आधी काट्यांची झाप येते, मग तारेचे कुंपण येते, मग लोखंडी फाटक आणि कुलूप. बांध दोन्ही बाजूंनी नांगरता नांगरता वीतभर उरतो. ओढ्यावरचे पाय टेकायचे दगड एका पुरात सरकले की कोणी परत बसवत नाही. दोन पावसाळे त्या वाटेने माणूस गेला नाही की घाणेरी आणि करवंद मधोमध वाढते. तिसऱ्या वर्षी गावातल्या पोरांनाही ती वाट सांगता येत नाही.

हे खोरे कसे आहे ते आधी सांगायला हवे, कारण नकाशा डोक्यात नसला की इथे चुकायला होते. कृष्णा नदी क्षेत्र महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेकडे जोरच्या खोऱ्यात उतरते. जोर, गोळेवाडी, उळुंब, बलकवडी असे करत ती धोम धरणाच्या पाण्यात शिरते. तिच्या उत्तरेला समांतर दुसरे खोरे आहे, वाळकी नदीचे. वासोळे, जांभळी ही गावे त्या बाजूची. दोन्ही नद्यांच्या मध्ये जी डोंगराची सोंड येते तिच्यावर कमळगड बसला आहे. वाळकीच्या पलीकडची भिंत रायरेश्वर आणि केंजळगडाची. दक्षिणेला महाबळेश्वर-पाचगणीचे पठार. थोडक्यात पूर्वेकडे उघडणारी दोन खोरी आहेत, आणि वाईहून पश्चिमेला जाताना डावे-उजवे चुकले की माणूस वेगळ्याच खोऱ्यात पोचतो. एसटीत बसताना नुसते ‘पश्चिम भागात जायचे आहे’ म्हणून चालत नाही. जोरची गाडी आणि जांभळीची गाडी यांच्यात अख्खा डोंगर आहे.

सुरुवात वाईच्या घाटांपासूनच करावी आणि तीही पायी. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे सात घाट आहेत. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव एकामागून एक या घाटांवर भरतो. त्या दिवसांत आलात तर घाट पाहायला मिळत नाहीत, पण घाट कशासाठी बांधले ते कळते. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. दर्शन घेऊन लोक समोरूनच परततात. कृपा करून देवळाला वळसा घालून मागे जा. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकारात निमुळती होत येणाऱ्या प्रवाहाच्या समोर पुढे आली आहे. पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते, भिंतीवर थेट आदळत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे देऊळ पात्रातच उभे आहे ते या एका टोकामुळे. पुलाच्या खांबांना पाणकापे, म्हणजे पाणी कापणारी निमुळती टोके, का ठेवतात, हे अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवायचे असेल तर त्यांना इथे आणावे.

वाई ते मेणवली साधारण तीन किलोमीटर, आणि धोम वाईपासून आठ किलोमीटरच्या आसपास. ही खोऱ्यातली सगळ्यात सोपी चाल. लहान मुले आणि साठीच्या पुढचे लोकही सकाळी साडेसहाला निघाले तर थांबत थांबत अकराच्या आत धोमला पोचतात. डांबरी रस्त्यावरून चालावे लागते तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. हा सल्ला ऊसतोडीच्या दिवसांत, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, जीव वाचवणारा आहे. दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर वळणावर मागचा ट्रेलर आत ओढतो आणि कडेने चालणाऱ्याला जागा उरत नाही. मागून असा ट्रॅक्टर आला तर वळण संपेपर्यंत रस्ता सोडून उभे राहावे.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा अर्धचंद्राकृती घाट आहे. वाडा नानांच्या वंशजांची खासगी मालमत्ता आहे, सरकारी वास्तू नव्हे. तेव्हा आत जाण्यासाठी जे शुल्क असेल ते द्या, जे दालन बंद असेल ते उघडण्याचा हट्ट धरू नका, आणि भिंतीवरच्या जुन्या रंगकामाला बोट लावू नका. तळहाताचा घाम त्या रंगाला पुरतो. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ छोट्या दगडी घुमटीत जी मोठी घंटा टांगली आहे ती मुळात चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. जवळ गेल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून सकाळचे तिरपे ऊन असताना पाहावे. घंटा वाजवण्याचा मोह आवरा. तडा गेलेली घंटा पुन्हा सांधता येत नाही. मेणवलीजवळच भोगाव आहे, तिथे वामन पंडितांची समाधी आहे. मराठीच्या अभ्यासकांनी निदान त्यासाठी तरी दोन पावले वाकडी करावीत.

धोमला धौम्य ऋषींचे नाव जोडलेले आहे. तिथे नृसिंहाचे देऊळ आहे, पण वेळ घालवावा तो महादेवासमोरच्या नंदीपाशी. नंदी चौथऱ्यावर नाही. गोल दगडी कुंडाच्या मध्ये एक कासव कोरले आहे आणि नंदी त्या कासवाच्या पाठीवर बसला आहे. कुंडाचा काठ कमळाच्या पाकळ्यांसारखा बाहेर झुकलेला. कुंड कोरडे असले की कासवाचे पाय आणि मान तळाला टेकलेली दिसतात. पाणी भरले की कासव तरंगत असल्यासारखे वाटते आणि नंदी पाण्यावर बसल्यासारखा दिसतो. म्हणून पावसाळा संपल्यावर, कुंडात पाणी असण्याच्या दिवसांत, हे पाहावे. कुंडात नाणी टाकू नयेत. गंज उतरला की दगडावर तांबूस-हिरवे डाग पडतात, आणि ते घासून काढायला गेले की कोरीव काम झिजते.

धोमच्या पुढे चालणाऱ्याचे गणित बदलते. धरणाचे पाणी हिवाळ्यानंतर ओसरू लागते आणि काठाची जमीन उघडी पडते. शेतकरी त्यात गाळपेर करतात. ही जमीन लांबून कोरडी, भेगाळलेली दिसते, पण वरचा वीतभर थरच काय तो वाळलेला असतो. खाली गुडघाभर चिखल. फोटोसाठी पाण्याच्या कडेपर्यंत जाणारी माणसे रुततात ती इथे. एक पाय रुतला की दुसऱ्या पायावर जोर देऊन ओढायचा नाही, तोही जातो. मागे बसायचे, अंगाचा भार पसरायचा आणि पाय हळूहळू फिरवत काढायचा. आणि मुळात जिथे पीक दिसते तिथपर्यंतच जायचे, त्यापुढे नाही. शेतकरी जिथे थांबला त्याला कारण असते. पाण्यात पोहण्याचा तर विचारही नको. बुडालेले बांध, विहिरी आणि झाडांचे बुंधे खाली आहेत, आणि एका पावलावर घोट्याएवढे असलेले पाणी पुढच्या पावलाला डोक्यावरून जाते. हेच धरणाखालच्या पात्राचे आणि कालव्याचे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की वाईच्या घाटांवर पाणी चढते, आणि त्या वेळी वाईत ऊन पडलेले असू शकते. कालव्याच्या अस्तराच्या उतारावर शेवाळ असते. उतरलेला माणूस स्वतःच्या बळावर वर येत नाही. कालव्यालगतचा रस्ता चालायला चांगला, सावलीचाही, पण पाण्याच्या बाजूने चालू नका.

धोमच्या वरच्या गावांकडे जायला वाईच्या स्थानकातून एसटी आहे आणि वडाप, म्हणजे प्रवासी गोळा करून नेणारी खासगी गाडी, आहे. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि परतीचे वडाप दुपारनंतर मिळेल याची खात्री नाही. त्यामुळे जाताना चालकालाच विचारा: शेवटची खाली येणारी गाडी कोणती आणि ती आजच्या वारी आहे का. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त, एरवी कमी. सगळ्यात उपयोगी गाडी म्हणजे मुक्कामी. संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. तिने वर जाऊन गावात मुक्काम केला, तर सकाळी सहाला तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी असता. ज्या घरी उतरायचे तिथे आदल्या दिवशी फोनवर माणसांचा नेमका आकडा सांगा. भाकरी मोजून थापतात. पैसे आधी विचारून ठरवा आणि ‘राहू द्या’ म्हटले तरी द्या.

आता कमळगड. या खोऱ्यातली एकच चाल करायची असेल तर ही करावी, आणि ती एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरावी: वाळकीच्या बाजूने वासोळ्यातून वर आणि कृष्णेच्या बाजूने नांदगण्यात खाली. म्हणजे दोन्ही खोरी एका दिवसात समजतात. गड साधारण १३७५ मीटर उंच आहे. पायथ्यापासून चढ अडीच ते तीन तासांचा, उतरायला दोन तास. ज्यांना अंदाज नाही त्यांनी हिशेब असा धरावा: सपाटीवर तासाला चार किलोमीटर, चढावर तासाला तीनशे मीटर उंची. लहान मुले असतील तर याच्या दीडपट वेळ. दुपारी एकनंतर चढ सुरू करू नये. खोऱ्याची पश्चिम बाजू म्हणजे महाबळेश्वरची उंच भिंत, त्यामुळे सूर्य पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी तिच्याआड जातो. डिसेंबरात साडेपाचला रानात अंधारायला लागते.

माथ्याच्या अलीकडे सड्यावर गोरखनाथाचे देऊळ आहे. त्यानंतर दाट झाडी लागते, आणि चुकतात ते तिथे. गुरांच्या वाटा आणि माणसांची वाट तिथे एकमेकींत मिसळतात. ओळखायची खूण अशी: गुरांची वाट उंची न बदलता डोंगराला आडवी जाते आणि झुडपांखालून कमरेएवढ्या उंचीच्या बोगद्यातून निघते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या तुटलेल्या असतात. दहा मिनिटे चालून चढ आला नाही तर परत फिरा आणि शेवटच्या फाट्यावर या. खाली उतरून ‘शॉर्टकट’ काढू नका. गडावर तटबंदी फारशी नाही. पाहायची आहे ती गेरूची विहीर. कातळ फोडून सरळ आत नेलेल्या पन्नासहून अधिक पायऱ्या आहेत, वर आकाशाची अरुंद पट्टी राहते, आणि जसजसे उतरावे तसतशी हवा गार होते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती लालभडक होत जातात. भिंतीला टेकलात तर कपड्यावर जो गेरू बसतो तो धुऊन जात नाही. पायऱ्या कायम ओल्या असतात. एका हातात विजेरी, दुसरा हात मोकळा, पाठीवर सॅक नको, आणि एका वेळी चार-पाच माणसेच आत.

पाणी हिवाळ्यात माणशी दोन लिटर, फेब्रुवारीच्या मध्यानंतर तीन. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नये. सोबत मीठ-साखर-लिंबू ठेवा. चक्कर येणाऱ्याला नुसते पाणी पाजत राहिले तर पुष्कळदा उलटी होते. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर, बॉडी स्प्रे, सिगारेट, शेकोटी, फटाके आणि ड्रोन यांपैकी काहीही त्यांना उठवायला पुरेसे आहे. मोहोळ उठले तर हात झाडायचे नाहीत, डोके-चेहरा कापडाने झाकून झाडीतून खाली पळायचे. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घोंघावत थांबतात. मार्चनंतर गवत वाळले की एका काडीने अख्खा उतार पेटतो. वणवा चढावर वेगाने धावतो, म्हणून आगीच्या पुढे वर पळू नये. आडवे सरकून जळलेल्या भागात किंवा उघड्या कातळावर जावे.

जोर हे कृष्णेच्या खोऱ्याचे टोक. तिथून क्षेत्र महाबळेश्वरकडे चढणारी जुनी वाट आहे. ही वाट गावातला माहीतगार बरोबर घेतल्याशिवाय करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. रान घनदाट आहे, गवे आहेत, मोबाइलला रेंज धरवत नाही. गवा समोर आला तर तो उभा राहून बघत असतो. त्या वेळी ओरडू नका, फोटोसाठी पुढे जाऊ नका, मागे सरकत त्याला निघायला जागा द्या. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा.

पावसाचे इथले वागणे समजून घेणे सगळ्यात महत्त्वाचे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरच्या आतल्या वाईत हजाराहूनही कमी. वाईच्या स्थानकावर पाऊस भुरभुरत असताना जोरला ओढे दुथडी भरलेले असतात. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी, तुमच्या डोक्यावर थेंबही पडला नसताना, छातीएवढा होतो, कारण पाऊस वर पठारावर पडलेला असतो. पाण्याचा रंग बदलून तांबूस झाला, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, किंवा आवाज एकदम जड झाला, तर पाच-दहा मिनिटांत लोंढा येणार असे समजा. ज्या काठावर आहात त्याच काठावर उंच जागी बसा. पाणी उतरायला दोन-तीन तास लागतात, तेवढा वेळ बसून राहणे स्वस्त आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत कोंढावळे आणि जोर परिसरात दरडी कोसळल्या, माणसे गेली. तेव्हा जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत बलकवडीच्या वर हौसेने जाऊ नये. त्या काळात गावकऱ्यांना स्वतःचे निभवायचे असते, पाहुण्यांची सुटका करायला ते मोकळे नसतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून मात्र खोरे उघडते. ऑक्टोबरात भात पिकते, तेव्हाचा वास आणि रंग कॅमेऱ्यात येत नाही, त्यासाठी बांधावरच उभे राहावे लागते.

बांधावर उभे राहावे म्हटले, पण कोणत्या बांधावर ते सांगायला हवे. भातखाचराचा बांध ही भिंत नाही, तो मातीचा काठ आहे आणि आत पाणी धरून असतो. दहा माणसे एकामागून एक त्यावरून गेली की मधेच खचतो, पाणी खालच्या खाचरात जाते आणि वरचे भात सुकते. रुंद, गवत वाढलेला बांध चालायचा, ताजा लिंपलेला नाही. झाप किंवा फाटक जसे होते तसेच ठेवायचे: बंद असेल तर लावून पुढे, उघडे असेल तर उघडेच. डुकरे आणि गव्यांपासून पीक राखायला बारीक तारेवर झटका मशीन लावलेले असते. लहान मुलांना ही तार दिसत नाही, म्हणून शेताच्या कडेने चालताना मोठ्या माणसाने पुढे राहावे. ओल्या छत्रीच्या दांड्याने किंवा काठीने तार उचलून बघू नये.

वाईच्या खाली, कृष्णेच्या पुढच्या टप्प्यात, बावधनचे बगाड, म्हणजे यात्रेतला नवसाचा गाडा, रंगपंचमीला निघते. त्या दिवशी तिकडचे रस्ते माणसांनी भरलेले असतात, गाडी दूर ठेवून चालतच जावे. पुढे लिंबला बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे १७१९ ते १७२४ मध्ये, आमराईसाठी ती बांधली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. वर काठावर मोटांच्या जागा आहेत आणि आत दगडी दालन. सातारा-पुणे महामार्गापासून ती थोड्याच अंतरावर आहे. तरी लिंब आणि गोवे या गावांच्या बाजूने नदीकाठाने पायी यावे, कोटेश्वराचे देऊळही पाहून होते. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णा भेटतात, ते साताऱ्याहून अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आता वाटांच्या हक्काबद्दल. पुष्कळ शेतकऱ्यांचा समज असा की पायवाट म्हणजे शेजाऱ्याने दिलेली सवलत. तसे नसते. भूमी अभिलेख कार्यालयात प्रत्येक गावाचा नकाशा मिळतो, आता तो संकेतस्थळावरही पाहता येतो. त्या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, त्याची रुंदी साडेसोळा ते साडेएकवीस फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट म्हणजे डोक्यावर भारा घेतलेली दोन माणसे समोरासमोरून जाऊ शकतील एवढी वाट. आज जिथे वीतभर बांध उरला आहे तिथे कागदावर सव्वाआठ फूट आहे, हे गावाने स्वतःच्या डोळ्यांनी नकाशात पाहावे.

अशी वाट कोणी अडवली तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. अट एक, आणि बहुतेक अर्ज तिच्यामुळेच पडतात: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. शेजारी चांगला आहे, बोलून मिटेल, असे म्हणत वर्ष जाते आणि मुदत संपते. बोलणी चालू ठेवा, पण अर्ज वेळेत द्या. सोबत गावनकाशाची प्रत, आपला आणि अडवणाऱ्याचा सातबारा, अडथळा कधी आणि कशाने केला याची तारखेसह नोंद, आणि जमल्यास त्याच जागेचा जुना फोटो जोडा. स्थळपाहणीच्या दिवशी वाट वापरणारी म्हातारी माणसे हजर ठेवा. वाट मुळातच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल, तर कलम वेगळे: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चे १४३. या दोन गोष्टींची सरमिसळ करून अर्ज केला की तो फिरत राहतो. फिरायला येणाऱ्या शहरी माणसाला हे अर्ज करता येणार नाहीत, तो हक्क तिथल्या शेतकऱ्याचा. पण चालणाऱ्यांनी येत राहिले तर वाट वापरात राहते, आणि वापरातली वाट अडवायला माणूस दहादा विचार करतो.

दुसरी बाजूही मांडायला हवी. काही गावांत पाणंद मोकळी केली की लगेच तिचे काँक्रीट होते. शेतमाल काढायला पक्का रस्ता हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण डोंगराकडे जाणारी, फक्त गुरे आणि माणसे वापरणारी पायवाटही त्याच मापाने रुंद करून सिमेंटने मढवली, तर तिच्यावरून पाणी झिरपत नाही, वेगाने वाहते आणि खालचा बांध खरवडते. शिवाय काँक्रीट तिथपर्यंत गेले की गाडीही तिथपर्यंत जाते. गाडीमार्ग पक्के करा, पायमार्ग मातीचे राहू द्या. चढावर दर दहा-पंधरा फुटांवर दगडाची आडवी ओळ तिरपी बसवली की पाणी बाजूला निघते आणि वाट टिकते. गावातले गवंडी हे काम डोळे मिटून करतील. घाटांचेही तेच: काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी आणि ऑइलपेंट नको, ओल्या पायाने माणूस घसरतो. मूळ घडीव दगडाला टाकीचे घाव आहेत ते पाय धरण्यासाठीच आहेत.

जिल्हा परिषद, तहसील कार्यालय आणि खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींकडे आमची मागणी मोठ्या निधीची नाही. गावनकाशावरचे पायमार्ग एकदा जमिनीवर मोजून दगड रोवा. फाट्यांवर मराठीत पाट्या लावा, त्यांवर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेळ चालण्याच्या तासांत लिहा. कमळगडाच्या दोन्ही पायथ्यांना ‘एकनंतर चढू नये’ एवढे ठळक लिहा. मेणवली आणि धोमला स्वच्छतागृहे बांधलीत तर त्यांना पाणीही ठेवा. आणि सर्वात आधी, या हिवाळ्याच्या आत, वाईच्या स्थानकात जोर आणि जांभळीच्या गाड्या लागतात तिथे एक फळा टांगा. त्यावर दोनच गोष्टी खडूने रोज लिहाव्यात: परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि वरचा कोणता ओढा आज बंद आहे.

आपले,
कृष्णेच्या खोऱ्यात पायी फिरणारे काही वाचक,
वाई, जि. सातारा